फ्लेक्सवरची नोकरी

आमच्या शिरवण्यात कुणाचं काही बरं झालं की ते आधी नाक्यावर लागतं. दहावीचा निकाल, क्रिकेटचा चषक, नव्या डंपरची पूजा, कुणाच्या लेकाचा पहिला वाढदिवस, सगळ्याचा फ्लेक्स. रिक्षा स्टँडच्या समोर दोन खांब आहेत, त्यांच्यामध्ये गावाची खुशाली टांगलेली असते. वाईट झालं तर तेही तिथंच लागतं, फक्त फोटोभोवतीची फुलं बदलतात. चांगलं होता होता राहिलेलं मात्र लावायची पद्धत नाही. माझं नेमकं तेच झालं होतं, आणि ते मी चारचौघांत सांगितलं म्हणून गावात आणि कॉलेजात काही काळ माझं नाव निघालं की लोक तोंड वाकडं करायचे. करू देत.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कॅम्पसमधूनच माझी निवड झाली. मोठी कंपनी, काचेची इमारत, सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. आमच्या घरात कॉम्प्युटरची डिग्री घेतलेली मी पहिलीच. ऑफर लेटरवर पद होतं, पगार होता, आणि रुजू होण्याच्या तारखेच्या जागी लिहिलं होतं की ती लवकरच कळवण्यात येईल. काकानं पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि फोन लावला तो थेट फ्लेक्सवाल्याला.

काका म्हणजे बाबाचा चुलतभाऊ. नवी मुंबई वसवताना जमिनी गेल्यावर त्याच्या घरानं चाळी बांधल्या. आता भाडं येतं आणि काकाकडे वेळच वेळ असतो. त्या वेळात तो गावाचं अभिनंदन करतो.

"काका, मी अजून कामाला कुठं लागलेय?" मी म्हटलं.

"लेटर आला ना?"

"आलं."

"मंग झाला! बाकीचा कंपनी बघंल."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं तर नवऱ्याचा काकाच बाशिंग बांधून उभा होता. दोन दिवसांत मी नाक्यावर लागले. कॉलेजनं मुलाखतींसाठी काही कोट ठेवले होते, त्यातला एक अंगावर घालून काढलेला माझा फोटो. खांदे कोटाचे, मान माझी, मधे बरीच मोकळी जागा. 'आपल्या गावची सुकन्या, सॉफ्टवेअर इंजिनिअर पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांच्या गोल गोल फोटोंची रांग, आणि उजव्या कोपऱ्यात गॉगल लावलेला काका, जवळजवळ माझ्याएवढाच मोठा. त्या गर्दीत एकच माणूस नव्हता, माझा बाप.

"तुजा फोटो कुटं हाय?" आईनं बाबाला विचारलं.

"त्यानं मागितला होता. मीच नाय दिला," बाबा म्हणाला. "मी तुर्भ्याचा फिटर. तिच्या बाजूला मी कशाला?"

आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून इथंही करत नाही. बाबा लग्नाच्या आधीपासून तुर्भ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात फिटर आहे. एक कारखाना बंद पडला की दुसऱ्यात, पण पट्टा तोच. त्याच्या बोटांच्या पेरांत ग्रीस इतकं मुरलंय की आई म्हणते, आता ते निघालं तर हात ओळखू यायचा नाही. माझ्या फ्लेक्सखालून तो पहिल्या दिवशी गेला तेव्हा मान वर करून थांबला होता. मी पलीकडच्या दुकानातून बघितलं. रिक्षावाला हॉर्न देत होता तरी हलला नाही.

मग कंपनीच्या मेल सुरू झाल्या. आमच्या परिवारात तुमचं स्वागत आहे, तारीख पुढे गेली आहे, संयम ठेवल्याबद्दल आभार. काही आठवड्यांनी परत तेच, शब्दांची जागा तेवढी बदललेली. का पुढे गेली, किती पुढे जाणार, हे कशातच नाही. आमच्या बॅचचे बाकीचेही लटकलेले होते. सगळ्यांनी मिळून एक ग्रुप काढला होता, त्यात रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "काही कळलं का?" आणि रात्रीपर्यंत कुणीच उत्तर द्यायचं नाही.

नाक्यावर मात्र मी कामाला लागलेली होते. रिक्षावाले विचारायचे, कंपनीची बस येते का गं न्यायला? भाजीवाली मावशी म्हणायची, माझ्या नातीला पण चिकटव कुठं तरी. मी आधी खरं सांगायचे. मग घरच्यांनी मला ते सांगायला बंदी केली.

"कोनी इचारला तर बोलायचा, घरून काम चालू हाय," बाबा म्हणाला. "आता सगल्यांचा चालतोच ना घरून."

हे खोटं फार सोयीचं होतं. आमच्या आजोबांच्या काळात बेकार माणसाला लपायला खाडीत जावं लागलं असतं. मला नुसता लॅपटॉप उघडला की पुरे. कुणी आलं की आई मला आतल्या खोलीत घालायची, दार ओढून घ्यायची आणि बाहेर दबक्या आवाजात सांगायची, "मिटिंग चालू हाय तिची." पाहुणे चहासुद्धा आवाज न करता प्यायचे. आत मी काळ्या स्क्रीनसमोर ताठ बसलेली. त्या स्क्रीनमध्ये मला माझंच तोंड दिसायचं, कोट नसलेलं.

एकदा आत्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. दार लागलं, मिटिंग सुरू झाली. मला जोराची शिंक आली आणि मी नाक दाबून ती गिळली. शिंक गिळल्यावर कानात दडे बसतात, तसे बसले. आणि मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मी चोरी केलीय का? कुणाचं काही बुडवलंय का? मी माझ्याच घरात शिंक का गिळतेय? दार उघडून मी बाहेर आले आणि म्हटलं, "आत्या, माझी मिटिंग-बिटिंग काही नाही. मला कंपनीनं अजून बोलावलेलंच नाही. दे ती पत्रिका."

आत्यानं पत्रिका दिली. आई चहा टाकायला आत पळाली.

मी कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांना फोन केला. सर वाईट नव्हते. मुलांची नावं त्यांना पाठ असायची आणि मुलाखतीच्या आधी ते स्वतः आम्हाला बिस्किटं वाटायचे. मी म्हटलं, सर, मी दुसरं काही काम बघू का?

"वेडी आहेस का?" सर म्हणाले. "टेन्शन घेऊ नकोस. गॅप पडला तर आपण काहीतरी कोर्स दाखवू. पण सीव्हीवर लहान नाव येऊ देऊ नकोस. एकदा लहान नाव लागलं की लागलं. आणि बाहेर बोलू नकोस कुठे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी ते खूप दिवस मनात घोळवलं. मूठ झाकून ठेवली की सव्वा लाखाची दिसते, कबूल. पण झाकलेल्या मुठीनं दुसरं काही धरता येत नाही, हे सरांच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. नोकरी लागण्याआधीच मला नोकरीची अब्रू सांभाळायचं काम लागलं होतं, आणि तेही बिनपगारी.

तुर्भ्याला बाबाचा डबा द्यायला मी लहानपणापासून गेलेय. ट्रकच्या रांगा, गॅरेजं, डिझेलचा वास, चहाच्या टपऱ्या, मला त्यात नवीन काही नाही. तिथं एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसवर पाटी होती, 'ऑफिस कामासाठी मुलगी पाहिजे.' शिंकेच्या प्रकरणानंतरच्या आठवड्यात मी आत शिरले.

ऑफिस चालवणारी बाई टेबलामागे बसून दोन फोनवर एकाच वेळी भांडत होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली गाड्यांच्या किल्ल्यांचा फळा. सगळे तिला ताई म्हणायचे. तिचं घराणं मराठवाड्यातलं, आता राहायला पनवेलजवळ करंजाड्याला. वडिलांनी एका गाडीवर सुरुवात केलेली, ताईनं एम. कॉम. करून धंदा ताब्यात घेतलेला. तिनं माझी डिग्री बघितली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"इंजिनिअर आहेस की. मग इथं काय करायलीस?"

"मला कामाला लागायचंय," मी म्हटलं, आणि ऑफर लेटरचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे त्यांचं बोलावणं आलं की तू पळणार."

"महिनाभर आधी सांगेन. तुम्हाला दुसरी मुलगी मिळेपर्यंत तिला शिकवेन. मगच जाईन."

"कागदावर लिहून देतीस?"

"तोंडी देते."

ताई हसली. "आमच्या ड्रायव्हरांचं बी तोंडीच असतंय. उद्यापासून ये."

आता इथं ताईची आणि तिच्या ऑफिसची आरती ओवाळायचा मोह होतो, तो टाळते. तिथला एसी फक्त आवाज करायचा. डास दिवसाही चावायचे. ताईचा पारा चढला की ती रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतकं ओरडायची, आणि तो रोज चढायचा. मी सुरुवातीला दोनदा मोरीत जाऊन रडले. बाहेर आले की ताई म्हणायची, "रडायलीस कशाला? चहा पी. नाशिकच्या गाडीचं बघ." माझं काम म्हणजे कुठली गाडी कुठं पोचली ते ड्रायव्हरला विचारायचं आणि माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला, तिथल्या भाषेत पार्टीला, कळवायचं. एवढंच. यात कॉम्प्युटरची डिग्री मोबाइल चार्ज करण्यापुरती लागायची.

पण त्या ऑफिसात एक नियम होता. गाडीला उशीर होणार असं दिसलं, की पार्टीनं विचारायच्या आधी आपण फोन करायचा. पहिल्याच आठवड्यात घाटात एक गाडी बंद पडली आणि मी गप्प बसले, होईल दुरुस्त म्हणून. ताईला कळलं तेव्हा तिनं टेबलावर हात आपटला.

"अगं, उशीर झाला म्हणून कुणी मारत नाही. पार्टीला अंधारात ठेवलं की मारतेत. त्यांनी हमाल बोलावून ठेवलेत, ते काय तुझी वाट बघत बसतील का? लाव फोन. गाडी बंद पडलीय, उद्या दुपारी येईल, खरं ते सांग."

मी फोन लावला. पार्टीनं मला चार शिव्या दिल्या. मग पलीकडचा माणूस म्हणाला, बरं झालं सांगितलं, हमालांना उद्याचं सांगतो. फोन ठेवला आणि मला एकदम हसू फुटलं. ताईला वाटलं पोरगी बिघडली. मला हसू याचं आलं की मीही एक पार्टीच होते. माझीही गाडी कुठल्या तरी घाटात बंद पडलेली होती, आणि माझ्या घरचे हमाल, आई, बाबा, काका, नाक्यावर ताटकळत उभे होते. फरक इतकाच की त्या काचेच्या इमारतीत फोन लावायला सांगणारी ताई नव्हती.

मग मीच फोन लावला. कंपनीच्या मुलीनं गोड इंग्रजीत सांगितलं की याबद्दल तिला काही सांगता येणार नाही. मी मराठीत विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत नाही, की सांगायचं नाही?" ती मराठीतच म्हणाली, "मला पण माहीत नाही गं." माझा तिच्यावरचा राग तिथंच संपला. कंपनीवरचा वाढला.

घरी मी तुर्भ्याचं सांगितलं तेव्हा बाबा जेवत होता. त्यानं ताट सरकवलं नाही, आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाला, "थोडे दिवस कर. पन नाक्यावरून नको जाऊ, मागच्या गल्लीनं जा." तो स्वतःही तेव्हापासून मागच्या गल्लीनंच जायला लागला होता, हे मला नंतर कळलं. माझ्या फ्लेक्सखालून जाताना लोक विचारायचे आणि त्याला खोटं बोलायला जमायचं नाही. मी मात्र नाक्यावरूनच गेले. रोज. त्याच फ्लेक्सखाली उभी राहून तुर्भ्याची शेअर रिक्षा पकडायची. वर मी कोटात, खाली मी ओढणीत, हातात डबा. रिक्षावाल्यांना काय ते कळलं. त्यांनी विचारायचं बंद केलं आणि जागा धरून ठेवायला सुरुवात केली.

काही महिन्यांनी सरांचा फोन आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता, 'कॉलेज ते कॉर्पोरेट'. निवड झालेली माजी विद्यार्थिनी म्हणून मी बोलायचं.

"सर, मी तर जॉइनच झाले नाही."

"ते तपशील कशाला? अनुभव सांग. इंटरव्ह्यूची तयारी, कॉन्फिडन्स, असं. आणि कोट घालून ये, फोटो काढायचेत."

मी हो म्हटलं. ताईकडून अर्धा दिवस मागून घेतला आणि ऑफिसातल्याच कपड्यांत गेले. हॉल भरलेला. स्टेजच्या मागे मोठा फ्लेक्स, आमची यशस्वी मुलं म्हणून, आणि त्यात दुसऱ्या ओळीत मी, त्याच कोटात. माझ्या आधी एकानं पीपीटी दाखवली. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता, वगैरे. मुलं माना डोलवत होती. मीही गेल्या वर्षी तिथंच बसून डोलावली होती.

माइक हातात आला. पहिल्या बाकावर काही मुलं वही उघडून बसली होती. त्यांच्याकडे बघून मला कॉन्फिडन्सवर बोलवेना.

"माझ्याकडे ऑफर लेटर आहे, नोकरी नाही," मी म्हटलं. "तारीख पुढे जाते आहे. का, ते मला माहीत नाही. मागच्या फ्लेक्सवर मी आहे, आमच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवरही आहे, आणि रोज सकाळी मी तुर्भ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाते. आत्ता तिथूनच आलेय."

सर खोकले. मी थांबले नाही.

"तुम्हाला सांगतील लहान नाव लावू नका. मला सांगा, मोठं नाव लावून घरात दार बंद करून बसलेली मुलगी मोठी कशी? मला काही महिने आईनं खोलीत लपवलं होतं. घरून काम चालू आहे, असं सांगायची. मी शिंक दाबायची."

हॉलमध्ये हसू पसरलं. पण मागे एक मुलगी हसली नाही. तिनं हात वर केला. "मग आम्ही ऑफर घ्यायची की नाही?"

"घ्या की. आलेली कोण सोडतं? पण तिच्यासाठी जगणं थांबवू नका. आणि ज्यांनी तारीख दिली नाही त्यांना विचारा. दर महिन्याला विचारा. नोकरी मागणं म्हणजे भीक मागणं नाही, तारीख विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. गाडी कुठं आहे हे विचारायचा पार्टीला हक्क असतो. आणि गाडी आली नाही हे घरी सांगायला लाजू नका. गाडी तुम्ही बंद पाडलेली नाही."

सरांनी माइक जवळजवळ ओढूनच घेतला. "हा तिचा वैयक्तिक प्रवास आहे," ते म्हणाले, आणि चहाची सुट्टी जाहीर झाली.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "उद्या कंपनी कॅम्पसला आली नाही तर? या पोरांचं नुकसान कोण भरून देणार, तू?"

हा प्रश्न मला लागला. रिक्षात बसल्यावरही तो सुटेना. मी चुकले असेन तर माझ्यापायी इतरांचं जाणार होतं. पण रिक्षा तुर्भ्याच्या पुलावर चढेपर्यंत मला सुचलं ते असं. खरं सांगितल्यावर जी कंपनी यायची थांबेल, ती आली तरी काय देणार? अजून एक फ्लेक्स? त्या संध्याकाळी ग्रुपवर दोघा-तिघांनी मला सुनावलं, आमच्या ऑफरही घालवशील म्हणून. आणि वेगवेगळे, गुपचूप, किती तरी मेसेज आले. जवळजवळ सगळ्यांत एकच वाक्य होतं. "माझी आई पण वर्क फ्रॉम होम सांगते." इतकी घरं, इतकी ओढून घेतलेली दारं, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. ते वाचून मी रडले, पण मोरीत जाऊन नाही.

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. काका अंगणात उभाच.

"भर हॉलमंदी बोललीस तू? अगं, मान कापलीस आमची. त्या बॅनरवर माझा पन फोटो हाय!"

"मग तुझा तेवढा ठेव, माझा काढ."

"ऐकतंस ना, काय बोलते ती?" काका बाबाला म्हणाला.

बाबा ओट्यावर बसला होता. मान खाली घालून म्हणाला, "बाय, मी तुला शिकवला ते तुर्भ्याला जायला नाय."

ते वाक्य मला आरपार गेलं. आत्तापर्यंत मी सगळ्यांशी भांडत होते, आता बापाशी उभी राहिले.

"तू रोज कुठं जातोस?" मी विचारलं. "तुर्भ्यालाच ना? त्याच्यावर आमचं घर चाललं ना? माझी फी, माझा लॅपटॉप, सगळं तुर्भ्याचंच ना? मग मला कधी लाज वाटली नाही तुझी. तुला माझी का वाटते? फोटो मागितला तर दिला नाहीस. माझ्या बाजूला तू शोभत नाहीस, हे तुला कुणी सांगितलं?"

बाबा उठून आत गेला. आई मला रागावली, बापाला असं बोलतात का म्हणून. पुढं कित्येक दिवस घरात फक्त भांडीच बोलत होती.

सुट्टीचा दिवस आला. भर दुपारी, सगळं गाव जागं असताना, बाबानं शेजारची शिडी खांद्यावर घेतली, पकड खिशात टाकली आणि नाक्यावर गेला. काका मागून धावला. बाबानं एकेक तार तोडली, फ्लेक्स खाली घेतला, नीट गुंडाळला आणि त्याच नाक्यावरून, मधल्या रस्त्यानं, घरी आणला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा नाक्यावर गेला होता. आईनं दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स गच्चीत अंथरला आणि त्यावर जवळा वाळत घातला. मासळीला एवढी ऐसपैस जागा तिला कधी मिळाली नव्हती. मी वर गेले तेव्हा माझ्या कपाळावर आणि काकाच्या गॉगलवर सारखाच जवळा पसरलेला होता, आणि मांजर आमच्या दोघांवर डोळा ठेवून बसलं होतं.

मग एका दुपारी मेल आली, आणि मेलच्या मागोमाग फोन. सोमवारी हजर व्हा. मी घरीच होते, ताईच्या ऑफिसला सुट्टी होती. बाबा ओट्यावर पंख्याची मोटर उघडून बसला होता.

"मला महिना लागेल," मी फोनवर म्हटलं. "इथं मी महिनाभर आधी सांगायचा शब्द दिलाय."

पलीकडे या वेळी कुणी साहेब होता. त्यानं सांगितलं की तसं करता येणार नाही. सोमवारी आला नाहीत तर ऑफर रद्द समजली जाईल. संध्याकाळपर्यंत कळवा.

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "जा की. तोंडी शब्दाचं काय धरून बसलीस? मी काय तुला कोर्टात खेचणार हाय?" आई म्हणाली, जा. आत्याचाही फोन आला, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. मला कळेना, यातलं हातचं कुठलं आणि पळतं कुठलं. ज्या कंपनीसाठी मी जवळजवळ वर्षभर थांबले, तिला माझ्यासाठी महिनाभर थांबता येत नव्हतं. माझ्या वेळेची किंमत शून्य आणि त्यांच्या सोमवारची सव्वा लाख. त्यांनी एकदा जरी खरं सांगितलं असतं, की बाई, काम नव्हतं आमच्याकडे, चुकलं, तरी मी ताईच्या पाया पडून गेले असते. मी परत फोन लावला, अंगणातच, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सोमवारी जमणार नाही. महिन्यानं बोलवायचं असेल तर बोलवा. नाहीतर राहू दे."

"तुम्ही विचार केलाय ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त वेळ मिळाला होता मला," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यांनी महिन्यानं बोलावलं नाही. मी ताईकडे अजून बराच काळ काढला, मग महापेला एका कंपनीत मुलाखत दिली. तिथं त्यांनी सीव्हीवरचं ते लहान नाव वाचून त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं. आज तिथं आहे. उद्या असेन की नाही, माहीत नाही. म्हणून मुलं सल्ला मागतात तेव्हा मी त्यांना 'बघा, माझं कसं भलं झालं' असं सांगत नाही. भलं झालं नसतं तरी मी त्या दिवशी तोच फोन केला असता.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. हातात फक्त तुर्भ्याची नोकरी होती. काका आला. बातमी अर्थातच त्याच्यापर्यंत पोचली होती. तो ओट्यावर टेकला आणि कपाळावर हात मारून बाबाला म्हणाला, "आता मी लोकांना काय सांगू, सांग मना."

बाबा पंख्याच्या मोटरचा स्क्रू पिळत होता. तो पुरता बसेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

"बॅनर लाव," तो म्हणाला. "एवऱ्या मोठ्या कंपनीला पोरगी नाय बोलली म्हनून, हार्दिक अभिनंदन."

काकानं कपाळावरचा हात खाली घेतला.

"आनि या टायमाला माझा फोटो टाक," बाबा म्हणाला. "तिच्या बाजूला. तुझ्यापेक्षा मोठा."